सातवा खडा

सातपूर, नाशिक
२१ नोव्हेंबर १९८५

निवृत्ती, जयभीम.

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. पोस्टमनने तिकिटं मागून घेतली, त्याची मुलगी गोळा करते म्हणे. आई म्हणाली, तिकिटं गेली तर जाऊ दे, आत काय लिहिलंय ते वाच.

फोटो तिच्या हातात दिला. तिला आता हातभर अंतरापलीकडलं दिसत नाही. मोतीबिंदू पिकला की काढू, असं डॉक्टर दोन वर्षं म्हणतायत. तिने फोटो नाकाला टेकवला आणि विचारलं, हा बर्फात काय करतो? मी सांगितलं, बर्फ नव्हे, मीठ आहे ते. मैलोन् मैल मीठ. त्याच्या खालचं खारं पाणी उपसून तळ्यात सुकवतात आणि त्यातून लिथियम नावाचा धातू काढतात. तो बॅटरीत लागतो, काचेत लागतो, डोकं फिरलेल्या माणसाच्या औषधातसुद्धा लागतो, हे तू लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. आई म्हणाली, मग पसाभर इकडं पाठव म्हणावं, लताला देऊ.

थट्टा माझी होती, पण तिने नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलं. आपल्या कॉलनीत दिवाळीचं फारसं काही नसतं, पण समोरच्या चाळीत लवंगी माळा चालू होत्या. माळ पेटली की मी मोजायला लागते. शंभराची असली तर शंभर भरेपर्यंत मला घास गिळवत नाही. आणि कधी भरत नाहीत, दोन-चार फुसके निघतातच. मग मी ताटावरून उठून दारात जाऊन उभी राहते. कारखान्याचे भोंगे, कुकरच्या शिट्ट्या, मी कामाला जाते त्या बालवाडीत पोरांनी पाडलेल्या पाट्या, सगळं मोजते. आपल्यात भूत-पिशाच्च मानत नाहीत, मीही मानत नाही. पण कानाला कोण समजावणार?

असो. तू लिहितोस की कंपनी पुन्हा नाशिकला येतेय. दिल्लीचं सरकार आता बाहेरच्या भांडवलाला पूर्वीसारखं नाक मुरडत नाही. साठ टक्के इथल्या शेठचे, चाळीस टक्के कंपनीचे, पेठ रोडची आपली जुनी गारगोट्यांची खाण पुन्हा उघडणार आणि तिचा मॅनेजर तू. हे वाचून दाखवल्यापासून आई दाराशी खुर्ची टाकून बसते. दिसत काही नाही, तरी रिक्षा थांबली की मान वर करते.

पण त्याआधी जुनी फाइल बंद व्हायला हवी म्हणतोस, आणि त्यासाठी दोन कागद. एकावर माझी सही. त्यात लिहिलंय की ९ फेब्रुवारी १९७७ रोजी मी सात सुरुंगांचे सहाच आवाज मोजले, जयराम सुरुंगवाल्याला जाऊ नको म्हणून ओरडून सांगितलं, तरी तो आत गेला. तेव्हाही तूच असंच लिहून दिलं होतंस. दुसऱ्या कागदावर त्याच्या बायकोचा, चांगुणाचा अंगठा. नवरा गेला त्याबद्दल तिची कंपनीविरुद्ध काही तक्रार नाही.

चांगुणा माझ्या शेजारच्याच खोलीत राहते, हे तुला ठाऊक आहे. खाण बंद पडली तेव्हा आम्ही एकाच टेम्पोत सामान घालून सातपूरला आलो. ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या करते. आमचा नळ एकच आहे.

दोन्ही कागद पेटीत ठेवलेत. घाई करू नको. तिकडे थंडी असेल तर कान झाकून घेत जा.

तुझी आक्का


२९ डिसेंबर १९८५

निवृत्ती,

तुझं पत्र वाचलं. 'भावनेच्या आहारी जाऊ नकोस' हे वाक्य तू इंग्रजीत विचार करून मराठीत लिहिलेलं दिसतंय. साता समुद्रापलीकडे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इथे शेळीच्या शेजारी मी राहते.

तरी तुझं ऐकून परवा तो कागद घेऊन चांगुणाकडे गेले. ती कॅन्टीनमधून येऊन पाय चोळत बसली होती. मी कागद वाचून दाखवला. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, निदान विचार करते म्हणेल. तिने लगेच डावा अंगठा पुढे केला.

म्हणाली, "आन शाई. कंपनीचा काय दोष? तू घसा फोडून सांगत व्हतीस, जाऊ नगं म्हनून. त्या मानसाला गारगोट्यांची हाव सुटली. त्याला ना बायको दिसली ना पोरगी."

मी म्हटलं, शाईची डबी घरी विसरले, उद्या आणते. डबी माझ्या पिशवीत होती.

निवृत्ती, तिच्या घरात जयरामचा फोटो नाही, हे तुला माहीत नसेल. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, बाबासाहेबांची आहे, पोरगी लग्न होऊन मालेगावला गेली तिच्या लग्नातली आहे. नवऱ्याची नाही. नाव तर तिने नऊ वर्षांत एकदाही घेतलं नाही. 'त्यो मानूस' म्हणते. पोरीच्या लग्नात वडिलांचा फोटो पाटावर मांडूया असं कोणी म्हणालं, तर ही म्हणाली, ज्याला राहायचं नव्हतं त्याला पाट कशाला? सगळे म्हणाले, किती खमकी बाई आहे. मी तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखी स्वयंपाकघरात पुऱ्या मोजत बसले होते.

तू आणखी एक गोष्ट लिहिलीस, ती मी तीनदा वाचली. यंदा कंपनीला गारगोट्या अख्ख्या नकोत. दगडासकट फोडायच्या आणि दळून त्यांचा चुरा करायचा. खाऱ्या पाण्यातून लिथियम वेगळं काढायला गाळणी म्हणून तो चुरा वापरून बघणार आहेत. म्हणजे फुटल्या तरी चालतील.

तुला कंपनीचा ब्रँट साहेब आठवतो ना? काळ्या दगडाच्या पोकळीतून निघालेली गारगोटी तो उन्हात धरायचा, आणि नखाएवढं टोक उडालेलं असलं तरी बाजूला ठेवायचा. तिकडच्या श्रीमंतांना आणि म्युझियमवाल्यांना बिनओरखड्याची लागे. आम्ही बायका कापसात गुंडाळून, वर पेंढा भरून पेट्या बांधायचो. आमच्यातली एक म्हातारी म्हणायची, बाळंतिणीलाबी एवढं जपत नाय कुनी. ती अख्खी राहावी म्हणून काय काय केलं आपण. आणि आता चुरा चालेल म्हणतोस.

आई विचारते, मार्चमध्ये येशील की एप्रिलमध्ये. मी म्हणाले, कागदांवर आहे. ती म्हणाली, मग कर की सही, हात मोडला का तुझा?

लता


१९ जानेवारी १९८६

निवृत्ती,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. तुझ्या कागदात जे नाही ते मला एकदा सलग लिहून काढायचंय. यातलं सगळं तुला माहीत आहे. तरी वाच.

आपल्या खाणीत सुरुंग मोजायला बाई बसायची. तो रिवाज कोणी घातला कोण जाणे, पण होता. मोजणारीचा नवरा किंवा मुलगा सुरुंगावर नसावा, म्हणजे तिचं मन दगडाकडे राहतं. माझ्या नवऱ्याने मला टाकलेली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. जेवढी भोकं दारूने ठासली तेवढे खडे मी ओटीत घ्यायचे. एक आवाज झाला की एक खडा घमेल्यात. ओटी रिकामी झाली की वर उंचवट्यावर उभं राहायचं आणि पदर झटकायचा, सगळ्यांना लांबून दिसेल असा. पदर झटकल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नसे. खडा उरला, तर अख्खी खाण तासभर बसून राही. चार वर्षं मी मोजलं आणि एकालाही खरचटलं नाही.

मग साहेब आला. नेहमीच्या धडाक्याने गारगोट्या तडकतात म्हणाला. तू मुकादम होतास, तू तोडगा काढलास. दारू निम्मी ठासायची आणि भोकावर ओल्या गोणपाटाचे चार थर टाकायचे. गारगोट्या अख्ख्या निघायला लागल्या, साहेबाने तुझी पाठ थोपटली. पण आवाज दबले. धडाड् व्हायचं तिथे पोतं आपटल्यासारखं होई. मी उंचवटा सोडून खाली दगडावर तळहात टेकवून मोजायला लागले. जयराम तुला म्हणाला होता, मी तिथेच होते, की गोणपाटाच्या पाण्यानं वात दमट होते, सावकाश जळते, याचा काही भरवसा नाही. तू म्हणालास, आठवडाभर बघू. तो आठवडा पुढे कधी सरलाच नाही.

त्या बुधवारी सात भोकं होती. आदल्या दिवशी एक मोठी पोकळी दिसली होती, आत हिरवट गारगोट्या. साहेबाला दुपारी मुंबई गाठायची होती, आणि त्या आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो हलणार नव्हता. जीप चालू ठेवलेली. तो घड्याळ बघत होता आणि तू त्याच्याकडे.

मी सहा मोजले. चौथा आणि पाचवा लागोपाठ आले, पण दोन होते, हाताला दोन लागले. सहावा झाला. मग काही नाही. एक खडा ओटीत राहिला. मी वर बघितलं. तू वाकलास, माझ्या ओटीतला तो सातवा खडा उचललास आणि घमेल्यात टाकलास.

"दोन जोडीनं वाजले, आक्का. झटक पदर."

मी तुला नाही म्हणाले नाही. हे मला लिहायचं होतं आणि आठ ओळी झाल्या तरी हात तिथे पोचत नव्हता. तू खडा टाकलास, पण पदर तू झटकला नाहीस. मला वाटलं, असतील जोडीने, हा शिकलेला आहे, साहेब उभा आहे, चार बायकांसमोर भावाचा शब्द कशाला मोडा. उंचवट्यावर गेले आणि पदर झटकला.

जयरामने खालून बघितलं. तो इतर कोणाकडे बघत नसे, तुझ्याकडे नाही, साहेबाकडे नाही, फक्त पदराकडे. हात वर केला, बघितलं म्हणून, आणि गेला. सातवा फुटला तेव्हा पोकळीत हात घालण्याइतका तो पुढे पोचला होता.

संध्याकाळी ऑफिसच्या पत्र्यात बसून तू कागद लिहिलास. म्हणालास, आपण दोघं आत जाऊ, आईला कोण बघेल? मी सही केली. मेलेला माणूस ऐकायला येत नाही, असं आपण धरून चाललो. त्याची बायको ऐकणार आहे, हे आपल्या डोक्यात आलं नाही. निदान माझ्या नाही.

आणि त्या हिरव्या गारगोट्या. त्यांना ओरखडासुद्धा नव्हता. महिन्याभरात पेटीत गेल्या, त्यांना कापूस मी लावलाय. कुठल्यातरी देशात काचेच्या कपाटात असतील, आणि बघणारे वा वा म्हणत असतील.

वर्षभरात साहेब परत गेला, खाणीत पाणी भरलं, कंपनीने तुला बरोबर नेलं. मी त्या बुधवारी घमेल्यातून सातवा खडा काढून घेतला होता, हे तुला सांगितलं नव्हतं. तांदळाच्या डब्यात तळाशी असतो. नऊ वर्षांत मी पुन्हा पदर झटकला नाही. भाकरीचे कण पडले तरी एकेक वेचून टाकते. आई म्हणते, कसली ही चिक्कूपणाची सवय.

लता


११ फेब्रुवारी १९८६

निवृत्ती,

तुझे दोन्ही कागद या पाकिटात परत पाठवतेय, सही-अंगठ्याशिवाय. तिसरा कागद माझा आहे. त्यात मी मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं लिहिलंय, गोणपाट, वात, खडा, पदर, आणि दोघांची नावं. एक प्रत खाण खात्याच्या कचेरीला रजिस्टर पोस्टाने गेली. तुझी मॅनेजरी बहुतेक जाईल, माझ्या नोकरीचं काय होईल ते बालवाडीच्या बाई म्हणतील तसं. तू चिडशील. चिड. पण तू लहान असताना तुझी खोटी शपथ मी माझ्या अंगावर घ्यायचे, त्यातलीच ही एक आहे असं आता समजू नकोस. ही मला पेलत नाही.

आईला सांगितलं. मला वाटलं ती मला शिव्या देईल, कारण तू येणार नाहीस तर त्याला कारण मी. ती म्हणाली, "त्याला लिही, कागद घेऊन यायचं असलं तर येऊ नगं. नुसता यायचं असलं तर ये. मला दिसतंय तवर ये." तिच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहिलेत.

परवा रविवारी नऊ तारीख होती. विहारातून वंदना करून आलो, आणि मी चांगुणाच्या मागोमाग तिच्या घरात गेले. ती तव्यासमोर बसली. मी उंबऱ्यात बसले, आत जायचा धीर नव्हता. म्हटलं, तू भाकऱ्या कर, माझ्याकडे बघू नको, मी सांगते. आणि सांगितलं. तुझा हात, माझा पदर, काही वगळलं नाही. मी ओरडले नव्हते हेही सांगितलं. घसा फोडून सोड, मी ब्र काढला नव्हता.

तिने तवा खाली उतरवला. पीठ हाताला तसंच होतं.

"सहाच झाले व्हते," ती म्हणाली.

मला कळेना. ती म्हणाली, वस्तीतली एकूण एक बाई घरी बसून मोजायची, तुला काय वाटलं, तू एकटीच मोजत व्हतीस? जिचा मानूस खाली, तिचे कान खाली. गोणपाट टाकायला लागल्यापासून आवाज येत नव्हते, तर ती भाकरी थापायची थांबून भुईवर हात ठेवायची. त्या दिवशी सहा लागले. सातव्याची वाट बघता बघता तव्यावरची भाकरी करपली. मग तिने दारातून बघितलं, तर उंचवट्यावर मी पदर झटकत होते. तिला वाटलं, आपलाच एक हुकला. लताबाईचा हुकत नाही.

"आन् मग तुझा कागद वाचून दाखवला कचेरीच्या सायबानं. लताबाईनं सहाच मोजले, लताबाई वरडली, तरी गेला. मी म्हनलं, पदर तर मी बघितला व्हता. मग वाटलं, वारं असंल. तू वरडताना वाऱ्यानं उडला असंल." तिने हाताचं पीठ खरवडलं. "तुझ्यावर इस्वास ठिवायसाठी मी माझे डोळेबी खोटे पाडले."

 

तिने हात धुतले. पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, साड्यांच्या तळातून एक फोटो काढला. जत्रेत काढलेला, मागे रंगवलेलं विमान. जयराम हसतोय, केस पाण्याने बसवलेले. तिने पदराने काच पुसली आणि भिंतीशी फळीवर टेकवून ठेवला. नऊ वर्षं तो त्या पेटीत होता, आणि ती रोज त्याच पेटीतून साडी काढत होती.

"नऊ वर्सं मी ह्यांना शिव्या देतीय," ती फोटोकडे बघत म्हणाली. तिने त्याला 'ह्यांना' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "रोज. भाकरी थापताना. बायकोपरीस गारगोट्या जास्त झाल्या का, म्हनून. रडायचंसुदिक ऱ्हायलं माजं."

मग तिने विचारलं, खडा हाय का अजून? मी घरी जाऊन तांदळाचा डबा उपडा केला आणि घेऊन आले. मला वाटत होतं ती तो फेकून मारेल, आणि मारला असता तर बरं झालं असतं. नाहीतर फोटोपुढे ठेवेल. मी तिच्या तळहातावर तो ठेवला. काळा, सुपारीएवढा, एका बाजूने गुळगुळीत. तिने तो उलटा-सुलटा करून बघितला, तांदूळ निवडताना बघते तसा. मग माझ्यासमोर उकिडवी बसली. माझा पदर आपल्या हाताने ओढून माझ्या मांडीवर पसरला, नीट ओटी केली आणि खडा तिच्यात ठेवला.

"ह्यो पडला नव्हता ना? मग हितंच असू दे," ती म्हणाली. "आता ऊठ. मला ह्यांच्याशी बोलायचंय."

मी दोन्ही हातांनी पदर धरून उठले आणि घरी आले. मागे तिने दार लावून घेतलं. भिंत पातळ आहे, तिचं रडणं आईला आणि मला ऐकू येत होतं, दिवे लागेपर्यंत. आईने विचारलं, ओटीत काय आहे? मी सांगितलं.

काल नळावर ती आली तेव्हा मी हंडा बाजूला घेतला. तिने पाणी भरलं आणि गेली. बोलली नाही. बोलेल असं मला वाटत नाही.

हे लिहितेय तेव्हाही तो माझ्या ओटीत आहे. तू नुसता आलास तर दाखवीन.

आक्का